हृदय पुन्हा सुरू झाल्यानंतर : शीतोपचार आणि मेंदूचा रक्तप्रवाह

बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू झाले की संकट टळले, असे नातेवाइकांना वाटते आणि तसे वाटणे स्वाभाविकच आहे. पण अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांची मोठी काळजी तेव्हाच सुरू होते, कारण रुग्ण शुद्धीवर येणार की नाही हे आता मेंदूवर अवलंबून असते. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के वापरतो. दर १०० ग्रॅममागे मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त त्याला अखंड मिळावे लागते, आणि गाठीला तो जवळजवळ काहीच राखून ठेवत नाही.

ही गरजच कमी करता आली तर, या विचारातून शीतोपचार, म्हणजे शरीर मुद्दाम थंड करण्याचा उपचार, पुढे आला. रोसोमॉफ आणि हॉलडे यांनी १९५४ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले की तापमान एका अंश सेल्सिअसने उतरले की मेंदूचा ऑक्सिजनचा वापर सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी घटतो. मात्र रक्तप्रवाहही त्याच्या जोडीने घटतो. या दुसऱ्या निरीक्षणाचे महत्त्व पुढे बराच काळ पुरेसे ओळखले गेले नाही, असे मला वाटते.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉक्टरांनी १९५९ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. थंड केलेल्या १२ रुग्णांपैकी ६ वाचले होते, न केलेल्या ७ पैकी १. आकडे लहान असले तरी आशा मोठी होती, आणि भूलतज्ज्ञ पीटर साफर यांनी १९६४ मध्ये पुनरुज्जीवनाच्या आपल्या आराखड्यात शीतोपचाराला स्थान दिले. परंतु त्या काळी शरीर ३० अंशांच्या आसपास उतरवले जाई. हृदयाचे ठोके बिघडत, जंतुसंसर्ग होई, रक्त गोठण्यात अडथळे येत. त्यामुळे हा उपचार मागे पडला.

दरम्यान रक्तप्रवाहाचे कोडे वेगळ्याच बाजूने उलगडू लागले होते. एम्स नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये सशांच्या मेंदूचा रक्तपुरवठा काही वेळ तोडून तो पुन्हा सुरू केला आणि मग काजळीचे काळे द्रावण रक्तवाहिन्यांत सोडले. जेथे प्रवाह परतला तो भाग काळा झाला. पण मधले काही पट्टे पांढरेफटक राहिले. हृदय चालू असूनही रक्त तेथपर्यंत पोहोचलेच नव्हते. पुढील अभ्यासांतून क्रम स्पष्ट झाला : हृदय सुरू झाल्यावर काही मिनिटे मेंदूत रक्ताचा पूर येतो आणि त्यानंतर कित्येक तास प्रवाह गरजेपेक्षा कमी राहतो. मग आधीच ओसरलेला प्रवाह थंडीने आणखी घटवणे धोक्याचे तर नाही ना, हा प्रश्न रास्तच होता.

मायामीतील संशोधकांनी १९८७ मध्ये उंदरांवर दाखवले की मेंदूचे तापमान दोन-तीन अंशांनी कमी असले तरी पेशींची हानी लक्षणीयरीत्या टळते. एवढ्या सौम्य थंडीत जुने धोके बरेच कमी होते. साफर यांच्या पिट्सबर्ग येथील चमूच्या प्रयोगांनी याला बळ दिले आणि २००२ मध्ये दोन चाचण्या एकदमच प्रसिद्ध झाल्या. मेलबर्नमधील ७७ रुग्णांच्या चाचणीत रुग्णवाहिकेतच कपडे काढून डोक्याला व धडाला बर्फाच्या पिशव्या लावल्या जात आणि नंतर १२ तास ३३ अंश राखले जात. युरोपातील २७५ रुग्णांच्या चाचणीत मेंदूचे कार्य समाधानकारक राहिलेल्यांचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेले. त्यानंतर जगभर हा उपचार रूढ झाला.

मात्र २०१३ मधील सुमारे ९५० रुग्णांच्या चाचणीत ३३ आणि ३६ अंशांत फरक आढळला नाही. २०२१ मध्ये, सुमारे १,९०० रुग्णांत, ३३ अंशांपर्यंत थंड करणे आणि ताप ३७.८ अंशांवर जाताच आवरणे यांची तुलना झाली. सहा महिन्यांनंतरचे मृत्यू अनुक्रमे ५० आणि ४८ टक्के होते. तेव्हापासून भर ताप टाळण्यावर आला आहे.

रक्तप्रवाहाचा धागा मात्र सुटलेला नाही. रक्तदाब वरखाली झाला तरी प्रवाह स्थिर राखण्याची मेंदूची क्षमता अशा अनेक रुग्णांत बिघडते, हे कोपनहेगनमधील डॉक्टरांनी २००१ मध्ये नोंदवले होते. म्हणून रक्तदाब सर्वांचाच चढा ठेवावा का, हे २०२२ मध्ये डेन्मार्कमध्येच ७८९ रुग्णांत तपासले गेले. सरासरी रक्तदाबाच्या ६३ आणि ७७ मिलिमीटर (पारा) या दोन पातळ्यांच्या निष्पत्तीत फरक दिसला नाही. आता कोणत्या रुग्णाच्या मेंदूला किती दाब लागतो, हे त्याच्या खाटेशीच मोजण्याच्या पद्धतींवर काम चालू आहे.