कोर्टाने न घेतलेली साक्ष : सॉलोमन नॉर्थप यांच्या आत्मकथनाची पार्श्वभूमी

मार्च २०१४ मध्ये ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, तेव्हा ही कहाणी अनेकांच्या कानांवर पहिल्यांदाच पडली. मूळ पुस्तक मात्र १८५३ सालचे आहे आणि ते कादंबरी नसून सॉलोमन नॉर्थप या कृष्णवर्णीय अमेरिकी माणसाचे आत्मकथन आहे. ते वाचताना करुणा दाटून येते हे खरे. पण त्याचे मोल केवळ करुणेत नाही. ज्या माणसाची साक्ष अमेरिकेच्या राजधानीतल्या कोर्टाने ऐकलीच नाही, त्याने ती छापून लोकांपुढे ठेवली, अशा नजरेने हे पुस्तक वाचायला हवे.

आफ्रिकेतून गुलाम आणण्यास अमेरिकेने १८०८ पासून बंदी घातली, पण देशांतर्गत खरेदी-विक्री कायदेशीरच राहिली. त्याच सुमारास कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रामुळे दक्षिणेत कापसाची लागवड झपाट्याने वाढत होती. व्हर्जिनिया, मेरीलँड यांसारख्या जुन्या राज्यांतून लुइझियाना, मिसिसिपीकडे माणसांचे तांडे हाकले जाऊ लागले. गृहयुद्धापर्यंतच्या (१८६१-६५) काही दशकांत असे सुमारे दहा लाख स्त्री-पुरुष घरादारापासून तोडले गेले. माणसाची किंमत वाढली, तसा उत्तरेतल्या मुक्त कृष्णवर्णीयांना पळवून नेऊन विकण्याचा धंदाही फोफावला. नॉर्थप यांच्या वाट्याला जे आले ते या बाजाराच्या हिशेबातूनच आले.

त्यांचे वडील गुलामीतून मुक्त झालेले होते आणि सॉलोमन न्यूयॉर्क राज्यात जन्मापासूनच स्वतंत्र होते. सॅराटोगा स्प्रिंग्ज येथे पत्नी ॲन आणि तीन मुलांसह राहणारे नॉर्थप उत्तम फिडल (व्हायोलिन) वाजवीत. १८४१ मध्ये दोन अनोळखी माणसांनी सर्कशीत वाजवण्याचे काम देऊ केले आणि त्यांना वॉशिंग्टनला नेले. तेथे ते शुद्धीवर आले ते बेड्यांत जखडलेल्या अवस्थेत, गुलामांच्या एका कोंडवाड्यात, जेथून संसदेची इमारत दिसत असे. ‘मी स्वतंत्र आहे’ असे म्हणताच जेम्स बर्च या व्यापाऱ्याने त्यांना लाकडी फळीने आणि दोराने बेदम मारले. पुढे ‘ऑर्लीन्स’ नावाच्या जहाजातून त्यांना न्यू ऑर्लीन्सला धाडले गेले, तेथे त्यांचे नाव ‘प्लॅट’ झाले आणि सॉलोमन नॉर्थप हे नाव बारा वर्षे त्यांना मनातच जपावे लागले.

या बारांपैकी सुमारे दहा वर्षे लुइझियानात बायू बफ या जलप्रवाहाजवळच्या एडविन एप्स याच्या मळ्यावर गेली. कापूस वेचणीच्या दिवसांचे त्यांनी केलेले वर्णन एखाद्या हिशेबनिसाइतके काटेकोर आहे. माणशी रोजची वेचणी साधारण २०० पाउंड, म्हणजे सुमारे ९० किलो धरली जाई. नव्या माणसाला पहिल्या दिवशी फटक्यांच्या धाकाखाली जमेल तितके वेचायला लावीत आणि संध्याकाळी भरलेले ते वजन पुढे कायमचे त्याचे माप ठरे. त्याहून कमी भरले तर फटके. जास्त भरले तर दुसऱ्या दिवसापासून माप वाढवले जाई. म्हणून टोपली घेऊन वजनाच्या जागी जाताना प्रत्येकाच्या मनात भीतीच असे, असे ते लिहितात. पॅट्सी नावाची तरुणी दिवसाला ५०० पाउंड वेची. तिच्या या कौशल्याने तिला काहीच संरक्षण मिळाले नाही. एप्सची वासना आणि त्याच्या बायकोचा मत्सर या दोहोंच्या कात्रीत ती सर्वांहून अधिक मार खात राहिली.

तेथून पत्र पाठवणे हाच गुन्हा होता. झाडाच्या सालीची शाई आणि बदकाच्या पिसाची लेखणी करून नॉर्थप यांनी लिहिलेले पत्र एका गोऱ्या मजुराच्या विश्वासघातामुळे त्यांना स्वतःच जाळावे लागले. अखेर १८५२ मध्ये सॅम्युअल बास या कॅनडातून आलेल्या सुताराने जीव धोक्यात घालून त्यांच्या वतीने पत्रे पाठवली. पळवून नेलेल्या आपल्या नागरिकांना सोडवण्यासाठी न्यूयॉर्क राज्याने १८४० मध्येच कायदा केला होता. त्याच्या आधारे हेन्री नॉर्थप हे वकील लुइझियानाला गेले आणि जानेवारी १८५३ मध्ये सॉलोमन मुक्त झाले. ज्या कुटुंबाने सॉलोमन यांच्या वडिलांना गुलाम म्हणून बाळगले होते, त्याच कुटुंबाशी या वकिलांचे नाते होते, आणि नॉर्थप हे आडनावही तेथूनच आलेले होते.

परतीच्या वाटेवर वॉशिंग्टनमध्ये बर्चविरुद्ध खटला उभा राहिला. तेथे कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्याविरुद्ध साक्ष देता येत नव्हती. ज्याच्या पाठीवर मार पडला तोच बोलू शकला नाही आणि बर्च सुटला. त्याच वर्षी पुस्तक आले आणि त्याच्या सुमारे तीस हजार प्रती खपल्या. ते वाचून एका गृहस्थांना नॉर्थप यांना पळवणारे दोघे आठवले. १८५४ मध्ये त्या दोघांना अटकही झाली, पण खटला रेंगाळत गेला आणि १८५७ मध्ये सोडून देण्यात आला.

पुस्तकाचे शब्दांकन डेव्हिड विल्सन या गोऱ्या वकिलाने केले होते आणि सोबत कागदपत्रेही जोडली होती. गुलामाच्या शब्दाला पुराव्याची जोड लागे, हा त्या काळाचा रिवाजच होता. गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ च्या आत्मकथनालाही गोऱ्या सुधारकांची प्रस्तावना आणि पत्र होते. १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. आठ वर्षांनी जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ही प्रथा मोडणाऱ्या सज्जनांना अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली. त्या सज्जनांचे मन वळवण्यात नॉर्थप आणि डग्लस यांच्यासारख्यांच्या साक्षींचा वाटा मोठा होता, याची नोंद मराठी वाचकाने त्या अर्पणपत्रिकेच्या बाजूला करून ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

पुढे हे पुस्तक विस्मरणात गेले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी पडद्यावर वर्चस्व राहिले ते मळेवाल्यांच्या वैभवाचे गोडवे गाणाऱ्या चित्रपटांचे. १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ने तर कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या संघटनेलाच तारणहार ठरवले. नॉर्थप यांची कहाणी म्हणजे कल्पित कथा, असा समज पसरला होता. लुइझियानातल्या इतिहासकार सू ईकिन यांनी लहानपणी एका मळ्यावरच्या घरात हे पुस्तक पाहिले होते. खरेदीखते, न्यायालयीन कागद, जहाजाची यादी असा एकेक पुरावा त्यांनी तपासला आणि १९६८ मध्ये जोसेफ लॉग्सडन यांच्यासह टिपांसहित आवृत्ती काढली. दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीन यांनी ऑस्कर स्वीकारताना ईकिन यांचे नाव आवर्जून घेतले.

चित्रपट संपतो तेव्हा पडद्यावर कोरडी नोंद येते : बर्चविरुद्ध नॉर्थप यांना साक्ष देता आली नाही, आणि त्यांच्या मृत्यूचे साल वा ठिकाण ज्ञात नाही. पॅट्सीच्या भूमिकेसाठी लुपिटा न्याँगो यांना सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. खुद्द पॅट्सीने मात्र काही लिहिले नाही. निघताना गळ्यात पडून रडणारी, गाडी वळेपर्यंत मागे दिसत राहिलेली ती तेवढी नॉर्थप यांच्या पानांत उरली आहे.