बारीपासून बारपर्यंत : कोकणातल्या रॅपची पार्श्वभूमी

देवगड तालुक्यातल्या एका घराच्या माळ्यावर मी पहिल्यांदा मालवणी रॅप रेकॉर्ड होताना पाहिला. माळा भाताच्या पेंढ्याने खच्चून भरलेला. खालच्या चिऱ्याच्या खोलीत गायलं की भिंती आवाज परत फेकतात आणि पेंढ्यात तो घुमत नाही, हे त्या पोरांनी स्वतः करून पाहून शोधलं होतं. एकाने डोक्यावरून गोधडी घेतलेली, गोधडीच्या आत मोबाइल आणि त्याला जोडलेला कॉलर माइक. दिवस श्रावणाचे. पुढच्या पडवीच्या पत्र्यावर सर आली की सगळे गप्प बसायचे, सर गेली की दुसरा म्हणायचा, "घे, घे, आता घे." सोळा ओळींच्या एका वर्सला, म्हणजे कडव्याला, दोन तास लागले. ते गाणं पुढे तालुकाभर फिरलं, पण बहुतेकांच्या मोबाइलवर ते नुसतं आकड्यांचं नाव असलेली एक फाइल म्हणून पोचलं. कोणी लिहिलं, कोणी बीट (गाण्याखालचा ताल) बनवली, कुठल्या वाडीतलं, काही नाही.

अशी गाणी वाजली की गावातली जाणती माणसं म्हणतात, "हे मुंबईचं खूळ." यातलं अर्धं खरं आहे. माइक आणि बीट मुंबईहून आली. पण समोरच्याला यमकात गाठायचं, भर मांडवात त्याची उणीदुणी काढायची आणि त्याने उत्तर दिलं नाही तर रात्रभर त्याला सोडायचं नाही, ही खोड कोकणाची स्वतःची आहे आणि ती बरीच जुनी आहे.

रॅपचं मूळ सगळे जिथे सांगतात ते थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ ला कूल हर्क नावाच्या तरुणाने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा दोन तबकड्यांवर लांबवायचा आणि वरून माइकवर बोलायचं, ही त्याची रीत. हर्कचं कुटुंब जमैकाहून आलेलं आणि तालावर बोलण्याची सवय तिकडे आधीपासून होती. म्हणजे पोटापाण्यासाठी शहरात आलेल्या माणसांनी गावची सवय शहराच्या यंत्रांवर चढवली. हे वाक्य मी मुद्दाम इथे ठेवतोय, कारण परळ-लालबागला नेमकं हेच झालं होतं, फक्त यंत्रं वेगळी होती.

रत्नागिरी जिल्ह्यातला शक्ती-तुरा, म्हणजे दोन शाहिरांचा गाण्यातला सामना, ज्यांनी पाहिलाय त्यांना रॅप बॅटल समजावून सांगावी लागत नाही. कलगी-तुऱ्याची परंपरा तुकनगीर आणि शाहअली या दोन शाहिरांपर्यंत नेतात. चंदेरीच्या राजाने एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी, अशी कथा सांगतात. कोकणात कलगीवाले शक्तीवाले झाले. शक्तीवाला आदिमायेला थोर मानणार, तुरेवाला शिवाला. गण आणि गवळण आटोपली की सवाल-जवाब सुरू. पुराणातला एखादा अवघड धागा पकडून शाहीर कोडं घालतो आणि समोरच्या शाहिराने ते पदातच सोडवायचं असतं. सुटलं नाही तर टोमणा. त्याच्या गुरूपासून त्याच्या गावच्या पाण्यापर्यंत काही सुटत नाही.

याच मांडणीचं नाचातलं रूप म्हणजे जाखडी. गाणारे आणि ढोलकीवाला मध्ये बसलेले, पायात चाळ बांधलेले गडी भोवती फेर धरून नाचणारे. मुंबईत तिला बाल्या डान्स हे नाव पडलं. घरकामाला आलेल्या कोकणी गड्यांच्या कानात बाळी असायची, त्यावरून ते आलं असं सांगतात. आज पोरं फेर धरून उभी राहतात, एकेक जण पुढे येऊन चार ओळी टाकतो आणि मागे सरतो, त्याला सायफर म्हणतात. गुहागरकडच्या एखाद्या आजीला ते दाखवा. तिला त्यात फक्त चाळ आणि ढोलकी कमी दिसेल.

खाली सिंधुदुर्गात हेच काम डबलबारी भजन करतं. दोन बुवा, दोन हार्मोनियम, दोघांचे मृदंग आणि झांजवाले. रूपावली, अभंग, गौळण, गजर असं चढत जाणारं भजन. एका बुवाची बारी संपली की दुसऱ्याची. दुसरा आपल्या बारीत पहिल्याच्या चुका काढणार: कुठे ताल हलला, कुठला दाखला चुकला. गजराला चालू सिनेमातली चाल उचलायची आणि त्यावर आपले शब्द बसवायचे हा तर जुना शिरस्ता. मराठीत योगायोग असा की रॅपमध्ये चार ठोक्यांच्या मापाला बार म्हणतात आणि आमच्याकडे बुवाच्या पाळीला बारी. दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण मालवणातला एक पोरगा मला सहज म्हणाला, "माझी बारी सोळा बारची आसा," आणि त्याला त्यात काही विशेष वाटलंच नाही.

दशावताराचंही देणं मोठं आहे. पेटारा घेऊन जत्रेमागून जत्रा करणाऱ्या कंपन्यांकडे पाठ केलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, संवाद उभ्या उभ्या. राजाच्या वेशातला नट, जो दिवसा शेतात राबतो, तो पहाटे तीनला समोरच्या राक्षसाला तोलामोलाचं उत्तर जागेवर जुळवतो. फ्रीस्टाइल याहून वेगळी काय असते? आणि गाऱ्हाणं घ्या. एकजण देवापुढे उभा राहून ओळीमागून ओळ सोडतो आणि सगळी वाडी एका दमात "व्हय महाराजा!" म्हणते. हुक म्हणजे लोकांनी परत म्हणायची ओळ असते, हे कोकणातल्या पोराला वेगळं शिकावं लागत नाही.

बायकांचा वाटा यात नेहमी विसरला जातो. फुगडीची गाणी, उखाणे, रायगडातल्या आगरी-कोळी लग्नांत धवलारिणीने म्हटलेले धवले ही यमकाची पहिली शाळा होती. मुलं यमक जोडायला आईच्या आणि आजीच्या मांडीवर ऐकूनच शिकली. माइकसमोर मात्र अजून मुली फार थोड्या दिसतात. ही उणीव मला खुपते.

आता मुंबई. गिरणगावात कोकणातला गडी आला, तो जाखडी आणि भजन घेऊनच आला. गावकीच्या खोलीत दहा-बारा जण राहायचे आणि पाळी सुटली की ढोलकी निघायची. परळच्या दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचे सामने तिकीट लावून रंगायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ही कुटुंबं हळूहळू पांगली: नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवली, बदलापूर. पुढची पिढी लोकल गाड्यांत आणि चाळी-इमारतींच्या गच्च्यांवर वाढली. हिंदी रॅप १९९२ च्या सुमारास बाबा सेहगलमुळे कॅसेटवर पोचला होता, पण तो टीव्हीवरचा रॅप होता. आपल्या गल्लीबद्दल आपल्याच बोलीत बोलायचं, हे पोरांनी पाहिलं ते २०१३ ते २०१५ या काळात, अंधेरीच्या डिव्हाइनकडून आणि कुर्ल्याच्या नेझीकडून. धारावीच्या पोरांनी मराठी, हिंदी आणि तमिळ एकाच गाण्यात घातली. फेब्रुवारी २०१९ मध्ये याच विश्वावरचा सिनेमा आला आणि घरच्यांनाही कळलं की पोरगा गच्चीवर काय करतो.

हे सगळं गावी आलं ते गणपतीच्या गाडीने. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली, त्यानंतर येणं-जाणं वाढलंच होतं. चाकरमान्याचा पोरगा पाच-सात दिवसांसाठी यायचा, कानात हेडफोन. चुलतभावाच्या मोबाइलमध्ये ब्लूटूथने चार गाणी टाकायचा आणि परत जायचा. आधी कॅसेट होत्या. बुवांच्या डबलबाऱ्या आणि शाहिरांचे सामने बाजारातल्या दुकानांत कॅसेटवर, पुढे व्हीसीडीवर मिळायचे. मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. वीस-तीस रुपयांत भजन, कोळीगीत, रॅप, सगळं एका फोल्डरात. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, तेव्हा टॉवर पकडणाऱ्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, संध्याकाळी पोरांची रांग लागू लागली.

पण खरा जोर २०२० ने दिला असं माझं मत आहे. टाळेबंदीत चाकरमानी गावी आले. आधी शाळेत चौदा दिवस विलगीकरण, मग घर. एरवी आठवड्याभराची भेट असायची, ती महिनोन् महिने लांबली. दिव्याला राहणारा, लॅपटॉपवर बीट बनवणारा एक, आणि दशावतारात झांज वाजवणारा दुसरा, असे चुलतभाऊ एका छपराखाली सापडले. माझ्या ओळखीच्या अर्ध्याअधिक जोड्या त्या उन्हाळ्यात जमल्या. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्यात गेलं. लिहायला विषय शोधावे लागले नाहीत. एलईडी लावून केलेली मासेमारी, २०११ पासून रखडलेला महामार्ग, मोहोर गळालेली आंब्याची कलमं, विकल्या गेलेल्या सामाईक जमिनी, हे सगळं मी या गाण्यांत ऐकलंय. बंदुका आणि महागड्या गाड्यांची उसनवारीही ऐकली. ती गाणी मला लक्षात राहिली नाहीत.

बोलीने इथे जे काम केलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. मालवणीत माका, तुका, तेका, आमका, तुमका. पाच सर्वनामं आणि यमक तयार. प्रमाण मराठीत याच जागी मला, तुला, त्याला येतात. तिथेही यमक आहे, पण 'का' चा ठोका टाळीसारखा बसतो, 'ला' लोळतो. करतंय, जातंय, रवतंय यांतला शेवटचा अनुनासिक ओळ लोंबती सोडतो, पुढची ओळ त्यावर सहज चढते. आगरीत 'ड' चा 'र' होतो, 'ळ' चा 'ल' आणि 'ण' चा 'न'. गाडीची गारी झाली की ती दारी आणि भारीशी आपोआप जुळते. प्रमाण भाषेत गाडीला यमक शोधायला झाडी-वाडीकडे जावं लागतं. उरण-पेणकडची हळदीची गाणी घरगुती स्टुडिओत तयार होतात, बेंजो आणि डीजेच्या जोरावर चालतात. त्यात मध्येच आठ ओळींचा रॅप येतो आणि वरातीतल्या म्हाताऱ्याही तो न अडखळता म्हणतात. भाषा त्यांचीच आहे.

बोलीची लाज मोडली ती मात्र नाटकाने. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० मध्ये रंगभूमीवर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी मुंबईच्या मोठ्या नाट्यगृहांत नेऊन उभी केली. त्याआधी गावचा माणूस चारचौघांत मालवणी दाबून बोलायचा. आज विशीतला पोरगा पहिल्याच ओळीत "झिला" म्हणतो तेव्हा त्याला हा इतिहास माहीत असेलच असं नाही. पण रस्ता त्याच्यासाठी तेव्हाच झाला.

नावाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. जुन्या शाहिराने शेवटच्या कडव्यात आपलं आणि गुरूचं नाव गुंफलेलं असायचं, कारण पद तोंडोतोंडी जाणार हे त्याला ठाऊक होतं. आजची पोरं एमएच ०७, एमएच ०८ ओरडतात, कुणी मालवणचा पिनकोड ४१६६०६ हुकमध्येच घालतो. त्याने जिल्हा कळतो, तालुका कळतो, माणूस कळत नाही. त्यात बीटची भानगड. इंटरनेटवरून घेतलेली एकच बीट दहा जणांनी वापरलेली असते. कुणीतरी तिच्यावर आधी हक्क नोंदवलेला असला की यूट्यूबची यंत्रणा पोराच्या गाण्याला नोटीस लावते आणि जे चार पैसे यायचे ते दुसरीकडे जातात. माझ्या ओळखीच्या एका जोडीचं गाणं एका रील पानाने नाव कापून टाकलं. लाखोंनी ते पाहिलं, त्या दोघांना एक फोनही आला नाही. म्हणून मी वही ठेवलीय. कुणी काही ऐकवलं की आधी विचारतो: लिहिलं कोणी, बीट कोणाची, रेकॉर्ड कुठे झालं, वाडी कुठली, साल कुठलं. पुढे पाठवताना हे पाचही गाण्याखाली लिहून पाठवतो आणि पाठवणाऱ्यांकडून तेवढंच मागतो.

गेल्या गणपतीत एका गावात डबलबारी होती. दुसरे बुवा वाटेत अडकले म्हणून मंडळाने मधल्या वेळेत दोन पोरांना माइक दिला. माळ्यावरचीच दोघं. मृदंगवाल्याने हौसेने ठेका धरला, पोरांनी मोबाइलची बीट बंद केली आणि त्याच ठेक्यावर गायली. रेल्वेत दारात बसून आलेल्या चाकरमान्याचं गाणं होतं. मांडव हसला, शेवटी गप्प झाला. पहिले बुवा सत्तरीचे, हार्मोनियमवर हात ठेवून ऐकत होते. टाळ्या थांबल्यावर त्यांनी विचारलं, "कोणी रचल्यान ह्यां? नाव खय आसा तेच्यात?"

पोरं एकमेकांकडे बघत राहिली. बुवांनी मृदंगवाल्याला खूण केली. ठेका परत सुरू झाला आणि शेवटच्या चार ओळी त्यांनी पुन्हा म्हटल्या. या वेळी दोघांची नावं, वाडी आणि झांज शिकवणाऱ्या काकाचं नाव घालून. काकाच्या नावाला यमक जुळलं नाही. बुवांनी तिथल्या तिथे एक शब्द सुचवला.