संगणकशास्त्राला आधी संगणकच हवा?

‘आधी संगणक आणा, मग मुलांना संगणकशास्त्र शिकवा’ हे वाक्य इतकी वर्षं फिरतंय की ते खरंच वाटायला लागलंय. माउस धरणं, टायपिंग करणं हे झालं यंत्र वापरणं. शास्त्र त्याच्या मागे असतं, आणि प्राथमिक वर्गापुरता त्याचा बराच भाग कागदावर शिकवता येतो.

पाच कार्डं घ्या. त्यांवर डावीकडून १६, ८, ४, २, १ असे ठिपके काढा. कार्ड उघडं म्हणजे १, पालथं म्हणजे ०. आता १३ दाखवायला सांगा. थोडी खटपट होते, मग ८, ४ आणि १ एवढीच उघडी राहतात: ०११०१. हीच बायनरी, म्हणजे द्विमान पद्धत. पाच कार्डांत ० ते ३१ सगळे आकडे बसतात. सहाव्या कार्डावर किती ठिपके, ते मात्र सांगू नका. मुलांनाच शोधू द्या.

शोधाचंही तसंच. १ ते १०० मधला आकडा मनात धरा. ‘५० पेक्षा मोठा?’ असं दर वेळी निम्मं छाटत गेलं तर फार तर सात प्रश्नांत तो सापडतो. १००० पर्यंतच्या आकड्यांनाही दहाच पुरतात!

न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासून असे खेळ रचत आले आहेत.

म्हणून संगणक नकोच, असंही नाही. १९६७ साली मुलांसाठी लोगो ही संगणकाला सूचना देण्याची भाषा तयार झाली. तिच्यात पुढे आलेलं, सूचनांप्रमाणे रेघ ओढत फिरणारं ‘कासव’ सांगितलं तेवढंच करतं. चौकोनाऐवजी भलतंच उमटलं की चूक शोधायची ती मुलानेच.