शेतातल्या कंट्रोलरना नवी फाइल पाठवताना: स्ट्रीम कशी अपडेट करावी

आमचे ठिबक-कंट्रोलर ज्यांनी स्वतःच्या एडब्ल्यूएस (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) खात्याला जोडून घेतले आहेत, त्यांच्या कार्यालयात संगणकाचे काम पाहणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. नवे फर्मवेअर (कंट्रोलर चालवणारे आतले सॉफ्टवेअर) किंवा बदललेले पाण्याचे वेळापत्रक द्यायला आता कोणी लॅपटॉप घेऊन बांधावर जायची गरज नाही. मात्र ‘फाइल टाकली, पण कंट्रोलर घेतच नाही’ असा फोन आला की बहुतेक वेळा एकच गोष्ट राहिलेली असते: एस-थ्री बकेटमधली (एडब्ल्यूएसवरच्या फाइल साठवणीच्या जागेतली) फाइल बदलली, स्ट्रीम बदलायची राहिली.

स्ट्रीममध्ये फाइल नसते, फाइलींची यादी असते. कोणत्या क्रमांकाची फाइल कोणत्या बकेटमध्ये, कोणत्या नावाने आहे आणि कोणत्या आयएएम रोलच्या (एडब्ल्यूएसमधल्या ठरावीक अधिकारांच्या संचाच्या) परवानगीने वाचायची, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. कंट्रोलर एस-थ्रीकडे जातच नाही. आधीपासून चालू असलेल्या एमक्यूटीटी जोडणीवरूनच (यंत्रांनी छोटे संदेश पाठवायची पद्धत) तो ‘या स्ट्रीममधली शून्य क्रमांकाची फाइल द्या’ असे मागतो आणि आयओटी कोअर ही यंत्रे जोडणारी एडब्ल्यूएसची सेवा ती तुकड्यातुकड्यांनी पाठवते. त्यामुळे शेतातल्या यंत्रात बकेटची किल्ली ठेवावी लागत नाही. ही पद्धत आम्ही निवडली ती मुख्यतः याचसाठी.

त्याच नावाने नवी फाइल बकेटमध्ये चढवली, तर स्ट्रीमजवळची नोंद आणि प्रत्यक्ष फाइल जुळत नाहीत. मग कंट्रोलरला ‘ईटॅग मिसमॅच’, म्हणजे फाइलची खूण जुळत नाही, असा नकार मिळतो. अशा वेळी कंट्रोलर बंद-चालू करत बसू नका, त्यात काही बिघडलेले नसते. स्ट्रीम अपडेट करा.

कमांड चालवण्याआधी

कमांडचे नाव ‘एडब्ल्यूएस आयओटी अपडेट-स्ट्रीम’. तिला स्ट्रीमचा आयडी आणि फाइलींची यादी द्यायची असते. यादी जेसन फाइलमध्ये (ठरावीक मांडणीची साधी मजकूर-फाइल) लिहून तीच कमांडला द्या. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर जेसन थेट टाइप केले की अवतरणचिन्हांचा गोंधळ होतो आणि तासभर चूक सापडत नाही. तुमच्या खात्यासाठी तयार केलेली नमुना जेसन फाइल आणि अचूक कमांड हस्तांतराच्या फोल्डरमध्ये आहे. त्यात फक्त फाइलचे नाव बदलावे लागते.

यादी दरवेळी पूर्ण द्या. वेळापत्रक एकट्याचे बदलले असले तरी फर्मवेअरची ओळ काढू नका. क्रमांकांची अदलाबदलही करू नका: आमच्या कंट्रोलरमध्ये ० म्हणजे फर्मवेअर आणि १ म्हणजे वेळापत्रक, हे पक्के बसवलेले आहे. बकेटवर व्हर्जनिंग (फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणे) चालू असेल तर यादीत फाइलचे व्हर्जनही लिहा. चुकून कोणी नवी फाइल चढवली तरी नेमकी कोणती पाठवायची होती हे नोंदीत राहते.

रोल बदलणार असाल तर कमांड चालवणाऱ्या वापरकर्त्याला ‘पासरोल’ची, म्हणजे तो रोल सेवेला वापरायला देण्याची, परवानगी लागते. आणि रीजन, म्हणजे एडब्ल्यूएसचे कोणते केंद्र निवडले आहे ते, तपासा. तुमची स्ट्रीम मुंबई रीजनमध्ये, म्हणजे एपी-साउथ-१ मध्ये आहे. संगणकावर दुसरा रीजन ठरवलेला असेल तर ‘रिसोर्स सापडला नाही’ असे उत्तर येईल आणि स्ट्रीम उडाली की काय असे उगीच वाटेल.

आवृत्ती क्रमांकाकडे लक्ष ठेवा

कमांड यशस्वी झाली की उत्तरात ‘स्ट्रीम व्हर्जन’ येते. प्रत्येक अपडेटला ते १ ने वाढते. आधी ४ असेल तर आता ५. हा आकडा वहीत टिपून ठेवा. आमचा कंट्रोलर प्रत्येक तुकडा मागताना आपल्याला माहीत असलेले व्हर्जनही कळवतो. अर्धी फाइल उतरलेली असताना तुम्ही स्ट्रीम बदलली तर त्याला ‘व्हर्जन मिसमॅच’ मिळते. तो उतरलेला भाग टाकून देतो, स्ट्रीमचे वर्णन नव्याने मागतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. जुन्या फाइलचा अर्धा भाग आणि नव्याचा अर्धा असे मिश्रण व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रात कधीही जाता कामा नये, म्हणून हे आम्ही मुद्दाम असे ठेवले आहे.

एक तुकडा किमान २५६ बाइट आणि कमाल १२८ केबी असू शकतो. आम्ही ४ केबी ठेवला आहे. ६०० केबीचे फर्मवेअर म्हणजे १५० तुकडे. रेंज गेली तर कंट्रोलर फक्त न मिळालेले तुकडे पुन्हा मागतो. मोठा तुकडा घेतला तर काम लवकर उरकते खरे, पण कमकुवत सिग्नलवर तोच तुकडा पुन्हा पुन्हा मागावा लागतो.

अपडेट कधी करावे? थ्री-फेज वीज येण्याच्या वेळेच्या आसपास नको. रात्रपाळीची वीज असेल तर दुपारी करा. त्या वेळी पाणी चालू नसते आणि एखाद्या कंट्रोलरने फाइल घेतली नाही तर शेतकऱ्याला कळवायला दिवस हाताशी असतो. आधी एकाच प्लॉटच्या कंट्रोलरला अपडेटची सूचना द्या, त्याची एक पाळी पूर्ण होऊ द्या, मगच बाकीच्यांना द्या. फाइल पूर्ण उतरल्यावर कंट्रोलर तिची एसएचए-२५६ खूण (फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा) पडताळतो. जुळली नाही तर जुनेच फर्मवेअर चालू ठेवतो. पाणी थांबत नाही.

अडचण आली तर

आम्हाला तीन गोष्टी पाठवा: ‘डिस्क्राइब-स्ट्रीम’ (स्ट्रीमची माहिती दाखवणाऱ्या) कमांडचे पूर्ण उत्तर, कंट्रोलरचे थिंग-नाव (आयओटी कोअरमध्ये नोंदलेले नाव), आणि त्याच्या ‘रिजेक्टेड’ टॉपिकवर (नकाराचे संदेश येतात तो पत्ता) आलेला संदेश. अडचण कुठे आहे ते यावरून बहुतेक वेळा लगेच सांगता येते. खात्याची ॲक्सेस की किंवा पासवर्ड व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवू नका, आम्हालाही नाही. आम्ही ती कधीच मागत नाही.