ग्रीनस्टेडचे लाकडी चर्च आणि ‘सॅक्सन’ या शब्दाचा गुंता

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील ग्रीनस्टेड या खेड्यातल्या चर्चच्या मुख्य दालनाला ओकच्या उभ्या ओंडक्यांच्या भिंती आहेत. ओंडके चिरून त्यांची सपाट बाजू आत आणि गोल बाजू बाहेर ठेवली आहे, तर लगतच्या कडांमधील खाचांत लाकडी पट्ट्या बसवून फटी बुजवल्या आहेत. इ. स. १९६० मध्ये वेदीच्या भागाखाली झालेल्या उत्खननात याहूनही जुन्या लाकडी बांधकामाच्या खुणा सापडल्या.

या भिंतींना ‘सॅक्सन’ (नॉर्मन राजवटीपूर्वी इंग्लंडमध्ये सत्ता असलेल्या लोकांच्या काळातील) म्हणण्याची रूढी जुनी आहे आणि वादाचे मूळही तिथेच आहे. पूर्वी वृक्षवलयांच्या अभ्यासावरून इ. स. ८४५ च्या सुमाराचा काळ सांगितला जाई. १९९० च्या दशकातील फेरतपासणीने तो दोन शतकांहून अधिक पुढे आणला. मोजता आलेले शेवटचे वलय १०५३ चे निघाले. मात्र बाहेरच्या कोवळ्या लाकडाची वलये शिल्लक नसल्यामुळे झाडे १०६३ ते ११०८ च्या दरम्यान तोडली गेली असावीत, एवढेच सांगता येते. फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्याचे १०६६ हे साल नेमके या टप्प्यात येते. म्हणजे बांधकाम नॉर्मन राजवटीतलेही असू शकते. तरीही सुतारकीची पद्धत सॅक्सनच राहते. राजा बदलला म्हणून खेड्यातल्या सुताराचा हात बदलत नाही, आणि म्हणूनच हा शब्द राजवटीसाठी नव्हे, तर कारागिरीसाठी वापरणे अधिक योग्य ठरेल.

वेदीचा विटांचा भाग ट्यूडर काळातील, साधारण १५०० च्या सुमाराचा आहे. एकोणिसाव्या शतकाचे मात्र या वास्तूवर सर्वाधिक ठसे आहेत. कामगार संघटनेची शपथ घेतल्याबद्दल १८३४ मध्ये डॉर्सेटहून ऑस्ट्रेलियाला हद्दपार केलेल्या शेतमजुरांपैकी काही जण माफी मिळाल्यावर या परिसरात शेती करू लागले, आणि त्यांतील एकाचे लग्न १८३९ मध्ये याच चर्चमध्ये लागले.

दहाच वर्षांत, १८४८-४९ मध्ये, मोठा जीर्णोद्धार झाला. ओंडक्यांची कुजलेली बुडे कापून ते विटांच्या जोत्यावर बसवण्यात आले आणि छप्परही नवे घालण्यात आले. बुडे तशीच राहिली असती तर भिंती कदाचित वाचल्या नसत्या. तरी कापलेल्या लाकडाबरोबर मूळ भिंत जमिनीला कशी टेकत होती, याचा थेट पुरावा गेला, आणि ही किंमत फार मोठी होती. आज भिंतीच्या तळाशी दिसणारी विटांची रांग त्याच निर्णयाची आहे.