मेन्साची परीक्षा पास होणं आणि मेन्साचं सभासद होणं

मावसभावाचा मुलगा मेन्साची, म्हणजे खूप वरचा बुद्ध्यांक (आयक्यू) असणाऱ्यांच्या क्लबची, परीक्षा पास झाला तेव्हा घरात पेढे वाटले गेले. आठवड्याभराने भावाचा फोन आला, ‘अरे, हे तर वार्षिक वर्गणी मागतायत. पास झालाय ना तो?’ गोंधळ होतो तो इथेच. पात्र ठरणं आणि सभासद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पेढे वाटणाऱ्यांना बहुतेक वेळा पहिलीच हवी असते.

पहिलीचं काम एका बैठकीत उरकतं. समोर पर्यवेक्षक, भिंतीवर घड्याळ. तीन बाय तीनची चौकट, आठ घरांत आकृत्या, उजवीकडचं खालचं घर रिकामं. त्रिकोण फिरतोय की रेघ वाढतेय ते हेरून पर्यायांतला एक उचलायचा. सुरुवातीच्या चौकटी चुटकीसरशी सुटतात, शेवटच्या घाम काढतात. निकालातून कळतं ते इतकंच, की तुम्ही एकूण लोकसंख्येच्या वरच्या 2 टक्क्यांत बसता का. सीईटीमुळे पर्सेंटाईल आपल्याकडे घरोघरी पोचलंय, पण तिथला 98 त्या परीक्षेला बसलेल्यांमधला असतो, इथला सगळ्यांमधला. आणि लग्नाच्या पंगतीत कुणी ‘आमच्या बंड्याचा आयक्यू 148’ म्हणालं, तर मोजपट्टी कुठली ते विचारा. कॅटेल आणि वेक्सलर या आयक्यूच्या दोन वेगळ्या चाचण्या, कॅटेलच्या पट्टीवरचा 148 म्हणजे वेक्सलरच्या पट्टीवरचा 130. पायरी एकच.

या चाळणीवर किती विसंबायचं? 1921 साली मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियात आयक्यूवरून हुशार मुलं निवडायला घेतली. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोघांचीही चाचणी झाली, दोघंही गळाले. पुढे दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, एकाला 1956 मध्ये, दुसऱ्याला 1968 मध्ये. निवडलेल्या मुलांपैकी एकालाही मिळालं नाही.

दुसरी गोष्ट, सभासद होणं, म्हणजे सरळसरळ क्लब. रोलंड बेरिल आणि लान्सलॉट वेअर यांनी तो 1946 साली ऑक्सफर्डमध्ये काढला. लॅटिनमध्ये मेन्सा म्हणजे टेबल, ज्याच्याभोवती सगळे सारखेच. वर्गणीच्या बदल्यात मिळतात त्या भेटीगाठी, कोडी, बोर्डगेम, आवडीनुसार जमलेले छोटे गट. ज्याला शाळेत ‘शहाणा’ म्हणून चिडवलं गेलं, त्याला तिथे हायसं वाटू शकतं, आणि माझ्या मते वर्गणी भरण्याचं तेवढं एकच खरं कारण. नोकरीच्या अर्जात त्या नावाचा फारसा उपयोग नाही. उलट मुलाखत घेणाऱ्याच्या भुवया उंचावायच्या. सगळेच मनासारखे भेटतील असंही नाही. विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्ह मेन्साचे मानद उपाध्यक्ष होते, तरी काही सभासद आपल्या आयक्यूची टिमकी वाजवतात, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

भावाला मी एवढंच विचारलं, की गट भेटतो कुठे आणि पोराच्या वयाचं तिथे कुणी येतं का. भाऊ राहतो परभणीला. भेटीसाठी दर वेळी रात्रीच्या गाडीने पुणे गाठायचं म्हटल्यावर तो गप्प झाला. पोरगं आतून ओरडलं, ‘बाबा, त्यापेक्षा बुद्धिबळाचा क्लास लावा.’