खुडूक कोंबडीच्या शेजारी एकवीस दिवस

माघ संपता संपता आमची तांबडी गावठी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसायला लागली. दिवसभर अंगण उकरणारी ती लाकडांच्या माचाखाली ठाण मांडून बसली. जवळ गेलं की अंग फुलवायची, हात पुढे केला की टोचायची. गेल्या साली तिथूनच मुंगसाने तिची अंडी नेली होती. म्हणून या वेळी परसात तिच्यासाठी वेगळी जागा केली, आणि तीही अशी की मला तिला रोज बघता यावं.

आंब्याची जुनी लाकडी पेटी आडवी ठेवली, पाठ भिंतीला, तोंड पूर्वेला. वर पत्रा आणि पत्र्यावर झावळ्या, दुपारचं ऊन लागू नये म्हणून. पेटीला तळ ठेवला नाही. खाली ओलसर माती घालून मधोमध ताटलीएवढा खोलगट भाग दाबला आणि त्यावर भाताचा पेंढा पसरला. अशा खळग्यात अंडी एकमेकांना बिलगून राहतात, आणि मातीची ओल हवा फार कोरडी पडू देत नाही. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून पाणी सतत उडत असतं. पेटीभोवती अर्ध्या इंचाची जाळी लावली आणि तिच्या कडा वीतभर जमिनीत पुरल्या. मोठ्या भोकांच्या जाळीतून उंदीर आणि साप सहज शिरतात. तोंडावर गोणपाटाचा पडदा टांगला आणि त्याला रुपयाएवढं भोक पाडलं. माझी खिडकी तीच.

कोंबडीला रात्रीच हलवावं. दिवसा उचललीत तर ती जुन्या जागेकडे परत धावते. अंधारात ती शांत असते आणि सकाळी पोटाखाली अंडी लागली की सहसा तिथेच रमते. अंड्यांचा हा स्पर्शच तिच्या रक्तातलं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक चढं ठेवतो, आणि प्रोलॅक्टिन तिला बसवून ठेवतं. छातीखालची पिसं विरळ होतात आणि उघडी पडलेली ऊबदार कातडी थेट कवचाला टेकते.

नऊ अंडी आठवडाभर साठवून एकाच रात्री खाली ठेवली. ऊब मिळेपर्यंत अंड्यातली वाढ थांबलेली असते, म्हणून वेगवेगळ्या दिवशी घातलेल्या अंड्यांतूनही पिल्लं जवळजवळ एकदमच निघतात.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला फुली काढली होती. सकाळी ती दाणापाण्याला उठली की जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळायची. तेवढ्यात वाकून बघायचो. काल वर आकडा दिसत होता तिथे आज फुली. काल कडेला असलेलं चार नंबरचं अंडं आज मधोमध! भोकातून पाहिलं तर ती चोच अंड्याखाली घालून स्वतःकडे ओढायची, मग अंग हलवत हलवत पुन्हा बसायची. दिवसात कितीतरी वेळा. अंडं एकाच कुशीवर राहिलं तर आतला गर्भ पापुद्र्याला चिकटतो. कडेची अंडी मधे आली की सगळ्यांना सारखी ऊब मिळते. लांबून ती नुसती बसलेली वाटते. मला तरी एवढं कष्टाचं बसणं दुसरं माहीत नाही.

सातव्या रात्री विजेरीवर अंडी धरली. आठांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या. एक स्वच्छच होतं, ते काढून टाकलं. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने अंड्यातली अशी वाढ दिवसागणिक नोंदवली होती आणि रक्ताच्या ठिपक्यासारखं धडधडणारं हृदय टिपून ठेवलं होतं. आपल्याला त्यासाठी अंडं फोडावं लागत नाही, हे आपलं भाग्य.

अठराव्या दिवसापासून मी हात लावणं सोडलं. विसाव्या रात्री गोणपाटाला कान लावला तर कवचाच्या आतून बारीक चिवचिव येत होती. तांबडी घशातल्या घशात, एरवी कधी न ऐकलेल्या आवाजात तिला उत्तर देत होती. तोवर पिल्लाने आतला पापुद्रा फोडून अंड्याच्या रुंद टोकातल्या हवेच्या पोकळीत चोच घातलेली असते. पहिला श्वास तिथलाच. मग चोचीवरच्या बारीक टोकाने ते कवच टोचत राहतं.

एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली. पहिली सुकून गुबगुबीत झाली तरी तांबडी उठली नाही. अंड्यातला बलक निघायच्या आधीच पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि त्यावर ते दोन दिवस तगतं. म्हणून मागे राहिलेल्यांसाठी आईला थांबता येतं. आठव्या अंड्यावर ती आणखी एक दिवस बसून राहिली. तेविसाव्या सकाळी तिने ते सोडलं आणि सात पिल्लांना घेऊन गोणपाटाखालून बाहेर आली. जाळीचं दार मी पहाटेच उघडून ठेवलं होतं.